पंगत कीं पळापळ?

गेल्या कांहीं वर्षांत आमच्या मध्यम वर्गाच्या संसारांत एक नवी यात्रा रूढ झाली आहे. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेंत नोकरीस असते. उन्हाळ्यांत आईवडील तिकडे जातात. आणि नातवंडांच्या शाळेस सुट्टी लागली, कीं सगळें घर फ्लॉरिडा संस्थानांतील ऑरलँडो शहराजवळ वसलेल्या 'वॉल्ट डिस्ने वर्ल्ड' नामक क्रीडानगरीच्या दर्शनास निघतें. काशीयात्रेस निघालेल्या माणसास जसे आळींतील दहा अनुभवी गृहस्थ दहा प्रकारचे उपदेश करीत, तसाच प्रकार येथेंहि होतो. कोणत्या खेळांत आधीं बसावें, कोणता टाळावा, बूट कोणते घालावे, छत्री न्यावी कीं न न्यावी, ह्या सर्व बाबतींत मिळणारा उपदेश बहुधा उपयुक्त असतो. परंतु एका बाबतींत तो जितका मुबलक तितकाच चुकीचा असतो, असें आमचें मत झालें आहे. ती बाब जेवणाची. पहिल्याच भेटींत बसून जेवावें कीं न जेवावें, आणि जेवावयाचें तर कोठें, ह्या प्रश्नावर आज आम्हांस कांहीं स्पष्ट बोलावयाचें आहे. विषय पोटाचा आहे म्हणून तो क्षुद्र आहे, असें आमचे वाचक समजणार नाहींत. कुटुंब एकत्र कसें जेवतें ह्यावरून तें एकत्र कसें राहतें हें पुष्कळ अंशीं कळतें, आणि घरापासून हजारों मैल दूर गेल्यानें हा नियम बदलत नाहीं.

ज्यांनीं ही नगरी पाहिलेली नाहीं त्यांच्यासाठीं थोडी माहिती देणें अवश्य आहे. सुमारें ४० चौरस मैलांच्या ह्या मुलखांत चार स्वतंत्र थीम पार्क, म्हणजे कल्पनेनें नटविलेलीं उद्यानें आहेत: १९७१ सालीं उघडलेलें 'मॅजिक किंग्डम', १९८२ चें 'एपकॉट', १९८९ सालीं निघालेलें व २००८ पासून 'हॉलिवुड स्टूडिओज' ह्या नांवानें ओळखलें जाणारें तिसरें, आणि १९९८ चें 'ॲनिमल किंग्डम'. प्रत्येकास निदान एक दिवस लागतो. खाण्याची सोय सर्वत्र दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारांत खिडकीशीं उभें राहून, किंवा हल्लीं मोबाईलवर आधींच मागणी नोंदवून, तबक हातांत घ्यावयाचें आणि मिळेल त्या जागीं बसून खावयाचें. दुसऱ्या प्रकारांत दारांत नांव सांगावयाचें. आंत नेऊन बसवितात. वाढपी येऊन काय हवें तें विचारतो. आणि सावकाश जेवून, बिल व बक्षिशी देऊन बाहेर पडावयाचें. ह्या दुसऱ्या प्रकारच्या भोजनगृहांत जागा बहुधा आगाऊ राखून ठेवावी लागते. आमचा वाद आहे तो ह्यांच्याविषयीं.

ह्या वादांत आजवर दोन पक्ष आहेत. एकास आम्ही धांवता पक्ष म्हणतों व दुसऱ्यास राखीव पक्ष. धांवता पक्ष म्हणतो: "एवढे डॉलर मोजून तिकीट काढलें तें काय जेवत बसण्यासाठीं? जेवण घरींहि मिळतें. पिशवींत दशम्या घ्या, चालतां चालतां खा, आणि रांगेंत उभे राहा." राखीव पक्षाचें म्हणणें ह्याच्या अगदीं उलट. तो म्हणतो: "एवढ्या लांब पुन्हां कोण येणार? राजकन्येच्या महालांत जेवा, अस्वलाबरोबर न्याहारी करा, रात्रीं आणखी एका ठिकाणीं जागा राखा. एकहि प्रसिद्ध स्थळ सोडूं नका." पहिल्याच्या हिशेबीं जेवण हा वेळेचा अपव्यय, दुसऱ्याच्या हिशेबीं जेवण हेंच मुख्य देवदर्शन. आमच्या मतें दोन्ही पक्ष एकच चूक करतात. दोघेहि प्रेक्षणीय वस्तूंची मोजदाद करतात. बरोबर आलेल्या माणसांची मोजदाद कोणीच करीत नाहीं.

आम्ही स्वतः पूर्वीं धांवत्या पक्षाचे होतों, हें कबूल केलें पाहिजे. आमच्या पहिल्या भेटीच्या वेळीं आमची बहीण, मेहुणे, त्यांचीं दोन मुलें, आम्ही स्वतः आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या आमच्या मातोश्री, असा सहाजणांचा मेळा होता. जून महिन्याचे दिवस. सकाळचे दोन तास बरे गेले. अकरा वाजतां ऊन चढलें आणि बहिणीनें एका झाडाखालचें बांक दाखवून म्हटलें, "आई, तूं इथें जरा टेक, आम्ही इतक्यांत येतों." तें 'इतक्यांत' दोन तासांचें झालें. परत आलों तेव्हां सावली बांकावरून सरून गेली होती, आणि मातोश्री पिशवी मांडीवर घेऊन तेथेंच बसल्या होत्या. डब्यांत दशम्या होत्या, लसणाची चटणी होती. पण मुलें जेवल्यावांचून त्यांनीं डबा उघडला नव्हता. मुलें इतकीं दमलेलीं कीं त्यांना दशमी दिसली तरी रडूं येई. शेवटीं कोणी उभ्यानें, कोणी भिंतीच्या कठड्यावर बसून, बटाट्याचीं कापें खाल्लीं व पुन्हां चालूं लागलों. त्या दिवसाचीं आमच्यापाशीं दोनशेंवर छायाचित्रें आहेत. मातोश्रींचें त्यांत एकहि नाहीं. एका चित्राच्या कोपऱ्यांत त्यांची पिशवी तेवढी दिसते.

दोष उद्यानाचा नव्हता, आमचा होता. आम्हीं सर्व खेळ पाहिले व घरचें एक माणूस पाहावयाचें विसरलों. आणि ही आमच्या एकट्याची कथा नव्हे. दुपारीं बाराच्या सुमारास अशा कोणत्याहि उद्यानांत फिरून पाहावें. बांकाबांकांवर कोणाची तरी आजी कोणाचे तरी बूट व पाण्याच्या बाटल्या राखीत बसलेली दिसेल. तिच्या तिकिटाची किंमत मात्र इतर प्रौढांच्या तिकिटाइतकीच असते.

येथें एक जुनी गोष्ट सांगण्याजोगी आहे. डिस्ने ह्या गृहस्थास अशा उद्यानाची कल्पना कशी सुचली, ह्याविषयीं त्यानें स्वतः सांगितलेली हकीकत प्रसिद्ध आहे. लॉस एंजेलिस शहराच्या ग्रिफिथ पार्कांत तो आपल्या मुलींना घेऊन जात असे. मुली लांकडी घोड्यांच्या चक्रावर बसून फिरत, आणि हा बाप बाहेर बांकावर शेंगदाणे खात बसे. त्यास वाटलें, आईबापांनीं नुसतें बांकावर बसावें आणि मुलांनींच मौज करावी हें बरें नव्हे. दोघांनाहि एकत्र रमतां येईल असें कांहीं स्थळ पाहिजे. ह्या विचारांतून १९५५ सालच्या जुलैमध्यें कॅलिफोर्नियांत 'डिस्नेलँड' उघडलें, आणि पुढें फ्लॉरिडांतील नगरी उभी राहिली. ती पाहावयास तो मात्र राहिला नाहीं, १९६६ सालींच वारला. म्हणजे ह्या साऱ्या खटाटोपाचें मूळ बांकावर एकट्यानें बसण्याच्या कंटाळ्यांत आहे! मग तेथें जाऊन आपल्या आईला पुन्हां बांकावर बसविणारा धांवता पक्ष, आपण ह्या उद्यानाचा पुरेपूर मोबदला वसूल करतों असें कोणत्या तोंडानें म्हणतो? त्यानें उद्यानाचा मूळ हेतुच उलटा केलेला असतो.

बरें, वेळ वांचतो म्हणावें, तर तेंहि खरें नाहीं. ह्या उद्यानांचा दिवस कसा चालतो तें पाहावें. दार उघडल्यानंतरच्या पहिल्या दीड-दोन तासांत रांगा सर्वांत आंखूड असतात. ऊन चढत जातें तसतशा त्या वाढतात, आणि दुपारीं मोठ्या खेळांपुढें माणूस तास तास उभें राहतें. सायंकाळनंतर लहान मुलांचीं कुटुंबें परतूं लागतात आणि रांगा पुन्हां उतरतात. त्यांतून फ्लॉरिडाचा उन्हाळा म्हणजे आपल्या वैशाखाची उष्णता आणि कोंकणांतील आषाढाची दमट हवा. दुपारीं बहुधा गडगडाट होऊन एक जोराची सर येते, आणि वीज चमकूं लागली कीं उघड्यावरचे खेळ बंद ठेवतात. तेव्हां दुपारच्या ज्या सव्वा तासांत आपण थंड दालनांत बसून जेवतों, तो सव्वा तास बाहेर राहून फारतर एका खेळाच्या कामीं आला असता, आणि सर आली असती तर तेवढाहि नाहीं. धांवता पक्ष जो वेळ वांचविल्याचा अभिमान बाळगतो, तो सबंध दिवसांतील सर्वांत हलक्या भावाचा वेळ असतो.

आतां राखीव पक्षाकडे वळूं. हा पक्ष अधिक सुशिक्षित, अधिक व्यवस्थित, आणि म्हणूनच अधिक घातक आहे. येथील भोजनगृहांत जागा ६० दिवस आधीं राखतां येते. २०२० पर्यंत हीच मुदत १८० दिवसांची होती. नगरीच्याच वसतिगृहांत उतरणाऱ्यांस आपल्या मुक्कामाचे दहा दिवसांपर्यंतचे सर्व दिवस एकदमच राखण्याची सवलत आहे. तेव्हां ठरलेल्या दिवशीं तिकडच्या पहाटे सहाच्या सुमारास, म्हणजे पुण्यांत दुपारीं साडेतीनला, घरचे सर्व कर्ते पुरुष व स्त्रिया मोबाईल घेऊन सज्ज होतात. साठ दिवसांनंतरच्या बुधवारीं सायंकाळीं पांच वाजून वीस मिनिटांनीं आपणांस कशाची भूक लागेल, हें त्या दिवशीं ठरतें! ज्या घरांत उद्यां भाजी कोणती करावी ह्यावर एकमत होत नाहीं, त्या घरांत हा भविष्यकाळ अक्षरशः मिनिटामिनिटानें कोरला जातो.

ह्याचा परिणाम काय होतो? दिवस मुलांच्या पायांनीं न चालतां घड्याळाच्या कांट्यांनीं चालूं लागतो. नातू एखाद्या बदकामागें रमला आहे, त्यास ओढून न्यावयाचें, कारण पांच-वीस झाले. आजोबांस भूक नाहीं, तरी जेवावयाचें, कारण न गेल्यास बहुतेक ठिकाणीं दरडोई दहा डॉलर दंड. दिवसांतून तीन वेळां असें जेवलें, कीं जाणें, थांबणें, जेवणें व निघणें धरून चार तास गेले. आणि त्यांतला न्याहारीचा तास तर रांगा आंखूड असण्याच्या वेळेंतलाच, म्हणजे दिवसाच्या सोन्यासारख्या वेळांतून कापून दिलेला असतो.

खर्चाचा हिशेब तर ह्याहून बोलका आहे. जीं भोजनगृहें फार गाजलेलीं आहेत, त्यांपैकीं बरींच ठराविक दराचीं आहेत. म्हणजे तेथें पदार्थागणिक पैसे न घेतां माणसागणिक घेतात. दहा वर्षें पूर्ण झालेलें मूल तेथें प्रौढ समजलें जातें. आमची दहा वर्षांची भाची पावाचे दोन तुकडे खाते व मातोश्री दोन घांस भात. परंतु बिलांत दोघीहि पैलवानांच्या शेजारीं बसतात. वर विक्रीकर, आणि सहा किंवा अधिक मंडळी असल्यास शेंकडा १८ बक्षिशी बिलांतच धरलेली असते. ती न वाचतां पुन्हां बक्षिशी ठेवून येणारे उदार गृहस्थ आमच्या ओळखीचे आहेत. मुलांस उंदीरमामा किंवा अस्वल टेबलाशीं येऊन भेटावें ह्याची खरी हौस असेल, तर अशी एक पंगत आम्ही समजूं शकतों. अस्वलास गांठण्यासाठीं उन्हांत उभें राहण्यापेक्षां अस्वलानेंच थंड जागीं आपणांकडे यावें हें सोयीचेंहि आहे. आमचा विरोध हौसेस नाहीं. कोणाचीच हौस नसतां नांवासाठीं केलेल्या खर्चास आहे.

नांवाची थोरवी केवढी असते ह्याचें एक उदाहरण घ्या. मॅजिक किंग्डमच्या मध्यभागीं सिंड्रेलाचा १८९ फूट उंच किल्ला आहे व त्याच्या माडीवर भोजनगृह आहे. त्यांत जागा मिळावी म्हणून जी धडपड चालते ती पाहून पेशवाईंतील रमण्याची आठवण व्हावी. ह्या भोजनगृहाचें नांव १९९७ पर्यंत 'राजा स्टीफनची मेजवानी' अशा अर्थाचें होतें. आतां, हा स्टीफन राजा सिंड्रेलाचा कोणीच नव्हे. डिस्नेच्या चित्रपटांत तो निद्रिस्त सुंदरीचा, म्हणजे निराळ्याच कथेंतील राजकन्येचा बाप. पंचवीसएक वर्षें लोक एकीच्या घरांत दुसरीच्या बापाचें पाहुणे म्हणून जेवले, आणि समाधानानें ढेंकर देऊन बाहेर पडले! थाट हा असा असतो. त्याला डोळे मिटून मान देणाऱ्यास तो कोणाचा आहे हेंहि विचारण्याची गरज भासत नाहीं.

मग आमचें स्वतःचें म्हणणें काय? तें थोडक्यांत असें: पहिल्या भेटींत दररोज एकदां, आणि एकदांच, सर्वांनीं मिळून बसून जेवावें, आणि तें स्थळ निवडतांना चार गोष्टी ह्या क्रमानेंच पाहाव्या. आधीं वेळ, मग वाट, मग ताट, आणि सर्वांच्या शेवटीं थाट. आज घरोघर हा क्रम नेमका उलटा लावलेला आहे, आणि सारे क्लेश त्या उलटेपणांतून उत्पन्न होतात.

वेळ पहिली. सकाळीं उतरल्या ठिकाणीं कांहीं खाऊन दार उघडण्याच्या आधीं उद्यानाशीं हजर व्हावें. पहिले दोन तास फिरावें. आणि साडेबारा ते अडीच ह्या वेळांत सर्वांनीं छपराखालीं, खुर्चीवर, थंड हवेंत असावें, अशा बेतानें जागा राखावी. घरांत जें सर्वांत अशक्त असेल, मग तें दोन वर्षांचें मूल असो वा सत्तरीची आजी, त्याच्या पायांवरून ही वेळ ठरवावी. सर्वांत उत्साही माणसाच्या पायांवरून नव्हे. साठ दिवस आधीं हवी ती जागा मिळाली नाहीं म्हणून कपाळास हात लावूं नये. राखलेली जागा बहुतेक ठिकाणीं दोन तास आधींपर्यंत सोडतां येत असल्यामुळें, आदल्या दिवशीं व त्याच दिवशीं सकाळीं पुष्कळ जागा मोकळ्या होतात. राखीव पक्षाच्या भयग्रस्त लोकांनीं अडवून ठेवलेल्या जागाच ह्या. शेवटीं त्यांनाहि त्या जड होतात.

वाट दुसरी. ज्या दिवशीं ज्या उद्यानांत असाल तेथेंच, आणि जेथें असाल त्याच्या जवळच जेवावें. ही नगरी नकाशावर दिसते त्याहून फार मोठी आहे. मॅजिक किंग्डमचें उदाहरण घ्या: मोटारी ठेवण्याचा तळ एका सरोवराच्या अलीकडे, आणि उद्यान पलीकडे, मध्यें होडी किंवा एकरुळी गाडी. एका उद्यानांतून दुसरीकडे जेवावयास जाणें म्हणजे दादरहून निघून जेवणापुरतें ठाण्यास जाऊन येण्यासारखें आहे. एपकॉटमध्यें एका तळ्याभोंवतीं मेक्सिकोपासून कॅनडापर्यंत अकरा देशांचे मंडप आहेत, आणि ती प्रदक्षिणा सुमारें सव्वा मैलाची आहे. तळ्याशीं पोंचतांच एका हातास मेक्सिको व दुसऱ्या हातास कॅनडा लागतो. इटली जवळजवळ अर्ध्या वाटेवर. ज्यांच्याबरोबर गुडघे दुखणारें माणूस आहे त्यांनीं ह्या भूगोलाचा विचार पदार्थांच्या यादीपूर्वीं करावा.

ताट तिसरें. आमच्या पुष्कळ घरांत मांस वर्ज्य असतें, आणि मांसाहार करणाऱ्या घरांतहि गोमांस बहुधा वर्ज्यच. ह्यासाठीं परदेशांत गेल्यावर उपास काढण्याचें आतां कारण उरलेलें नाहीं. केवळ वनस्पतिजन्य पदार्थांपुढें यादींत पानाची खूण असते, आणि अमुक चालत नाहीं असें स्पष्ट सांगितल्यास वाढपी, व अवश्य वाटल्यास मुख्य आचारीहि, टेबलाशीं येऊन विचारपूस करतो. लाजून गप्प बसणें आणि मग बाहेर येऊन "आपल्याला कांहीं मिळालें नाहीं" म्हणणें, हा आमचा जुना दोष तेवढा सोडावयास हवा. तथापि शाकाहारी मंडळींनीं ठराविक दराच्या मांसप्रधान पंगती टाळाव्या आणि पदार्थागणिक पैसे घेणारीं ठिकाणें पाहावीं. एपकॉटच्या इटलींत 'व्हिया नापोली' नांवाचें भोजनगृह आहे. तेथील तीन भट्ट्यांना एटना, व्हेसुव्हिओ व स्ट्रॉम्बोली ह्या ज्वालामुखींचीं नांवें दिलीं आहेत. चौघांत एक मोठा पिझ्झा वांटून घेण्याची तेथें सोय आहे, आणि वांटून खाणें ह्याहून पंगतीची दुसरी व्याख्या ती कोणती? तसेंच ॲनिमल किंग्डमच्या वसतिगृहांत 'सना' नांवाचें एक भोजनगृह २००९ पासून आहे. तेथें आफ्रिकी स्वयंपाकास हिंदी मसाल्यांची जोड दिलेली असून, नान, कुलचा वगैरे रोट्यांचें एक तबक अनेक चटण्यांसह मिळतें, आणि खिडकीबाहेर जिराफ व झेब्रे चरत असतात. तेथें जाण्यास उद्यानाचें तिकीट लागत नाहीं. म्हणून विश्रांतीच्या किंवा निघण्याच्या दिवशीं हें ठिकाण विशेष योग्य. तिखटासाठीं व्याकुळ झालेल्या आजोबांना आठ दिवसांत पहिल्यांदा हंसतांना पाहावयाचें असेल, तर ह्याची आठवण ठेवावी.

थाट शेवटीं. तो नको असें नाहीं. पण तो जेवणाच्या आड येतां कामा नये. हॉलिवुड स्टूडिओजमध्यें एका भोजनगृहांत टेबलें जुन्या मोटारींच्या आकाराचीं असून समोर पडद्यावर चित्रपटांचे तुकडे चाललेले असतात. गंमत खरी, परंतु सारे पडद्याकडे तोंड करून एकामागें एक बसतात, आणि आजीस नातवाची पाठ तेवढी दिसते. ह्याच उद्यानांत १९५० च्या सुमाराच्या अमेरिकन स्वयंपाकघराची नक्कल केलेलें दुसरें भोजनगृह आहे. तेथें वाढपी घरच्या वडीलधाऱ्या माणसाच्या आविर्भावांत येऊन टेबलावर कोंपर ठेवल्याबद्दल रागावतो व पानांतील भाजी संपविण्याची आज्ञा करतो. हा प्रयोग आमच्या घरीं रोज सायंकाळीं विनामूल्य होतो. तरीहि दोहोंतून एकाची निवड करावयाची तर आम्ही ह्याचीच करूं, कारण येथें सर्व मंडळी समोरासमोर बसतात व एकमेकांस हंसतात.

आतां आक्षेप घेऊं. कोणी म्हणेल: "वृद्धांना एवढा त्रास होतो, तर त्यांनीं दुपारीं उतरल्या ठिकाणीं विश्रांति घ्यावी, त्यांच्यासाठीं सर्वांनीं कां अडकावें?" ज्यांची प्रकृति खरोखरच तशी आहे त्यांनीं अवश्य घ्यावी. परंतु जेथें एका तासाच्या बैठकीनें भागतें तेथें माणूसच वजा करणें, हा हिशेब आम्हांस मान्य नाहीं. दुसरा म्हणेल: "कंपनी नफ्यासाठीं हीं भोजनगृहें चालविते, आणि तुम्ही तिची तळी उचलतां." कंपनी नफा मिळविते ह्यांत वादच नाहीं, सावलीची, खुर्चीची व थंडाव्याची किंमत ती पदार्थांत मिसळून घेते, हेंहि आम्ही जाणतों. म्हणूनच तर आम्ही दिवसास तीन जागा न म्हणतां एक म्हणतों, आणि महाल न म्हणतां साधें, जवळचें, पदार्थागणिक पैसे घेणारें ठिकाण म्हणतों. तिसरा आक्षेप दशम्यांचा. बाहेरचें खाणें आंत नेण्यास येथें मनाई नाहीं. कांचेचीं भांडीं व मद्य तेवढें वर्ज्य आहे. तेव्हां दशम्या, चिवडा, लाडू अवश्य न्यावे. मधल्या वेळीं मुलांना ते फार उपयोगीं पडतात. दशमीशीं आमचें भांडण नाहीं. परंतु एक गोष्ट दशमी देऊं शकत नाहीं, आणि तीच आमच्या मतें ह्या सर्व वादाचें मर्म आहे.

ती दशमी पहाटे उठून कोणी केली? डबा कोणी भरला, तो दिवसभर कोणी वागविला, आणि सर्वांच्या हातावर वाढून उरलेली शेवटीं कोणी खाल्ली? आमच्या घरांतील स्त्रिया चाळीस-पन्नास वर्षें वाढण्याचें काम करतात. घरच्या पंगतींत त्या सर्वांच्या मागून बसतात. सहलीस गेल्या तर डब्याच्या मागें बसतात. अशा एका स्त्रीस सर्वांच्या बरोबरीनें खुर्चीवर बसवून, "आपणांस काय हवें?" असें कोणी प्रथम तिलाच विचारावें, आणि तिनें मागितलेलें पान तिच्यापुढें आणून ठेवावें, हा प्रसंग तिच्या आयुष्यांत किती वेळां येतो, ह्याचा ज्यानें त्यानें आपल्या घरीं विचार करून पाहावा. एवढ्या एका प्रसंगाच्या मानानें दोन पाळणे कमी झाले तर काय बिघडलें?

आमच्या त्या भेटीच्या दुसऱ्या दिवशीं आम्हीं आपला धांवता पक्ष सोडला. एपकॉटच्या मेक्सिकोंत पिरॅमिडच्या आंत 'सान आनहेल इन' नांवाचें भोजनगृह आहे. बाहेर टळटळीत दुपार, पण आंत सदैव सांजवेळ. मंद दिवे, आणि शेजारून पाण्यावर लहान लहान होड्या जात असतात. आम्ही तेथें सव्वा तास बसलों. मांस नको असें सांगून जें मिळालें तें फार उत्तम होतें असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु त्या होड्यांकडे पाहतां पाहतां मातोश्री बोलूं लागल्या. लहानपणीं माहेरीं जातांना खाडी तरीनें ओलांडावी लागे, एकदां भरतीच्या वेळीं तर अडकली, आणि तांडेलानें सर्वांस भिजलेले चणे वांटले, ही गोष्ट त्यांनीं सांगितली. ती आम्हींहि पूर्वीं कधीं ऐकली नव्हती. मुलें खाणें विसरून ऐकत राहिलीं, आणि बाहेर पडल्यावर त्यांना कोणता खेळ हवा असें विचारलें, तेव्हां धाकट्यानें विचारलें, "आजी, पुढें काय झालें?"

ज्यांस ह्या उन्हाळ्यांत प्रथमच तेथें जावयाचें आहे, त्यांनीं खेळांची यादी खुशाल करावी. परंतु त्याआधीं बरोबर येणाऱ्या माणसांची यादी करावी, तींतील सर्वांत थकणाऱ्या नांवापुढें खूण करावी, आणि दुपारची जागा त्या नांवानें राखावी.